थर त्यांचे, ओझे कुणाचे?

दुधाचा किंवा फळांच्या रसाचा कागदी डबा रिकामा झाला की आपण तो चुरगाळून फेकतो. पण तो नुसता पुठ्ठा नसतो. त्याची भिंत बहुधा सहा थरांची असते. वजनाने सुमारे पाऊण भाग पुठ्ठा, त्याने डबा ताठ राहतो. पॉलिथिनचे थर ओल अडवतात आणि बाकीचे थर जोडून ठेवतात. आतला ॲल्युमिनियमचा वर्ख केसाहून पातळ, पण तो उजेड व हवा आत येऊ देत नाही. म्हणून जंतुरहित करून भरलेले दूध फ्रीजशिवाय कित्येक महिने टिकते.

कागद गिरणीत हा डबा पाण्यात घुसळला की पुठ्ठ्याचा लगदा सुटा होतो व त्याचा पुन्हा कागद होतो. उरलेले प्लॅस्टिक-ॲल्युमिनियम तापवून दाबले की टणक पत्रे तयार होतात. प्लॅस्टिकच वितळून सर्व जोडते, वेगळा गोंद लागत नाही. छपराला, बाकांना हे पत्रे चालतात. चुलीजवळ मात्र नकोत, प्लॅस्टिक पेट घेते.

वेफरची, शाम्पूची चकचकीत पुडीही थरांचीच. परंतु तिचे वेगवेगळे थर इतके घट्ट चिकटवलेले असतात की सुटे करणे परवडत नाही. म्हणून भंगारवाला ती काट्यावर घेत नाही.

येथे प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. कचरा वेचणाऱ्यांत आपल्या दलित समाजातील भगिनी मोठ्या संख्येने आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आली. वेचकांच्या श्रमाला ओळख मिळाली. पण पुड्या उचलूनही विक्रीचे दाम शून्यच! थर चिकटवून नफा कमावणारा एक आणि ते निस्तरणारी दुसरी, हा कुठला न्याय?

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी अशी वेष्टने गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा पुडी वेचणाऱ्या भगिनीला उत्पादकाच्या पैशातून किलोमागे मोबदला मिळालाच पाहिजे, अशी मागणी आम्ही करतो. बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतूनही ती नगरसेवकापर्यंत पोहोचवा.

आणि घरात एवढे करा. डबा विसळून चपटा करा. पुडीचा कोपरा पूर्ण तोडू नका, कारण तो तुकडा वेचता येत नाही. सुका कचरा वेगळा द्या. तेवढाच तिच्या हातांचा त्रास वाचेल.