हंगामी कामगारांची आप्रवासन व सीमाशुल्क तपासणी

पेरणी, खुरपणी, फळतोडणी यांसारख्या वर्षातील ठराविक महिन्यांपुरत्या कामासाठी परदेशी गेलेल्या कामगाराचा प्रवेशाचा अधिकार, त्याच्या मुक्कामाची मुदत व त्याने बरोबर आणलेल्या वस्तू यांची यजमान देशाने सीमानाक्यावर, बंदरात किंवा विमानतळावर केलेली शासकीय तपासणी. तिचे दोन भाग असतात : व्यक्तीसंबंधीची ती आप्रवासन तपासणी व मालासंबंधीची ती सीमाशुल्क तपासणी. पर्यटकाला प्रवेश मिळतो तो सामान्यतः केवळ मुदतीच्या अटीवर. हंगामी कामगाराचा प्रवेश मात्र बहुधा विशिष्ट मालक, विशिष्ट काम व विशिष्ट मुदत या तिहींशी निगडित असतो. त्यामुळे नाक्यावर काही मिनिटांत होणारी नोंद त्याच्या पुढील सर्व वास्तव्याचा कायदेशीर आधार ठरते. या पद्धतीचे सर्वांत विस्तृत उदाहरण मेक्सिको व अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) यांच्या सीमेवर आढळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धामुळे शेतमजुरांची टंचाई निर्माण झाल्यावर १९४२ मध्ये या दोन देशांत करार होऊन ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली. (‘ब्रासो’ म्हणजे स्पॅनिश भाषेत बाहू, त्यावरून ब्रासेरो म्हणजे अंगमेहनत करणारा.) १९६४ च्या अखेरीस ती बंद होईपर्यंत तिच्याखाली सु. ४६ लाख करार झाले. एकच कामगार अनेकदा येत असल्याने व्यक्तींची संख्या त्याहून कमी होती. सीमा ओलांडल्यावर कामगारांना स्वागत-केंद्रांत नेत. टेक्सस राज्यातील एल पॅसोजवळचे रिओ व्हिस्टा, त्याच राज्यातील हिडाल्गो व कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो ही त्यांपैकी प्रमुख केंद्रे होत. तेथे कामगारांचे कपडे उतरवून वैद्यकीय तपासणी केली जाई, छातीची क्ष-किरण छायाचित्रे घेतली जात आणि अंगावर डीडीटीची भुकटी फवारली जाई. त्यानंतर मालकांचे प्रतिनिधी त्यांची निवड करीत व करारावर सही किंवा अंगठा घेतला जाई. करार स्पॅनिशमध्येही असे. परंतु अनेकांना तो वाचता येत नसे. प्रारंभीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापून मेक्सिकोतील बँकांकडे पाठविली जाई. ती पुढे अनेकांना मिळालीच नाही व तिच्या वसुलीसाठी एकविसाव्या शतकातही न्यायालयीन लढे झाले. रिओ व्हिस्टा केंद्राला २०२३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला.

प्रवेशापूर्वीचे टप्पे : अ. सं. सं.च्या १९५२ च्या आप्रवासन कायद्यातील तात्पुरत्या कामगारांच्या वर्गाचे १९८६ मध्ये विभाजन होऊन शेतीकामासाठी ‘एच-२ए’ व अन्य कामांसाठी ‘एच-२बी’ असे दोन वर्ग झाले. २०२३ या वित्तीय वर्षात तीन लाखांहून अधिक एच-२ए व्हिसा देण्यात आले. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन नागरिक होते. या पद्धतीत अर्ज कामगार करीत नाही, मालक करतो. पुरेसे स्थानिक कामगार उपलब्ध नाहीत, असे श्रम खात्याचे प्रमाणन त्याने प्रथम मिळवावे लागते व नंतर आप्रवासन विभागाची मंजुरी घ्यावी लागते. त्यानंतर कामगाराची वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. कामगाराचे हक्क सांगणारी पुस्तिका त्याला या वेळी देण्याची तरतूद २००८ च्या कायद्याने केली आहे. भरतीसाठी कामगाराकडून दलाली घेण्यास मनाई आहे. तथापि ती गावपातळीवरील मध्यस्थाकडून घेतली गेल्यास मुलाखतीत सांगणे कामगाराला अवघड जाते. कारण त्यामुळे मालकाचा अर्जच फेटाळला जाऊन, कर्ज काढून मिळविलेली संधी हातची जाण्याचा संभव असतो.

नाक्यावरील तपासणी : २००३ पासून आप्रवासन व सीमाशुल्क या दोन्ही तपासण्या तेथे एकाच यंत्रणेकडे आहेत. प्राथमिक तपासणीत पारपत्र व व्हिसा पाहतात, छायाचित्र व बोटांचे ठसे घेतात आणि मालक कोण, काम कोठे व किती दिवस, पूर्वी मुदतीबाहेर राहणे झाले होते काय, असे प्रश्न विचारतात. शंका आल्यास दुय्यम तपासणीसाठी स्वतंत्र दालनात पाठवितात. ही शिक्षा नसून पडताळणी असते. मात्र खोटी माहिती किंवा अवैध कागदपत्रे यांवरून अधिकारी न्यायाधीशासमोर सुनावणी न होताच परत पाठविण्याचा आदेश देऊ शकतो. अशा आदेशानंतर सामान्यतः किमान ५ वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही.

व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. तो केवळ नाक्यावर येऊन प्रवेश मागण्याचा परवाना होय. किती दिवस राहता येईल, हे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या ‘आय-९४’ या नोंदीतील तारखेवरून ठरते. ती व्हिशावरील तारखेहून भिन्न असू शकते. नोंदीत चुकीचा वर्ग वा चुकीची तारीख पडली, तर काम अवैध ठरण्याचा धोका असतो. म्हणून नाव, वर्ग व तारीख ताबडतोब पडताळून चूक दुरुस्त करून घेणे आवश्यक ठरते. नव्या मालकाने रीतसर अर्ज केल्याखेरीज दुसरीकडे काम करता येत नाही. पारपत्र ही कामगाराने स्वतःजवळ ठेवावयाची वस्तू आहे. त्याला कामावर जखडून ठेवण्यासाठी ते काढून घेणे हा तेथे गुन्हा आहे.

सीमाशुल्क तपासणी : हंगामी कामगाराजवळ शुल्कपात्र माल क्वचितच असतो. त्याच्या बाबतीत महत्त्वाची ठरते ती कृषि-तपासणी. ताजी फळे, बियाणे, रोपे, माती व डुकराचे मांस यांतून फळमाशीसारखे कीटक आणि पिकांचे व जनावरांचे रोग पसरतात. गावाकडील शेतात किंवा गोठ्यात वापरलेल्या बुटांना चिकटलेला चिखलही याच कारणाने वर्ज्य असतो. बाळगलेली वस्तू जाहीर केल्यास ती फार तर जप्त होते. लपविल्यास दंड होतो. १०,००० डॉलरांहून अधिक रोकड नेण्यास बंदी नाही, परंतु ती जाहीर करावी लागते. देश सोडतानाही हाच नियम लागू असल्याने हंगामाची कमाई रोख घेऊन एकत्र परतणाऱ्या कुटुंबीयांनी तो ध्यानात ठेवावा लागतो. परतणाऱ्यांची स्वदेशातील नाक्यांवर होणारी पिळवणूक थांबविण्यासाठी मेक्सिकोने १९८९ मध्ये ‘पैसानो’ हा कार्यक्रम सुरू केला.

अन्य देश : कॅनडाची हंगामी शेतमजूर योजना १९६६ मध्ये जमेकाच्या व १९७४ पासून मेक्सिकोच्या कामगारांसाठी सुरू झाली; तीत कमाल मुदत ८ महिने असते व कामगारांच्या देशाचे शासनही करारात सहभागी असते. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या योजनेत शासनमान्य संस्था कामगारांना पुरस्कृत करतात. न्यूझीलंडने २००७ मध्ये पॅसिफिक बेटांवरील कामगारांसाठी अशी योजना आखली. तेथील जैवसुरक्षा तपासणी विशेष कडक असून जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.