दया आधी, धर्म मागाहून

आपल्या घरांत दया हा शब्द फार स्वस्त झाला आहे. दाराशी आलेल्या याचकाच्या झोळीत पसाभर तांदूळ घातले की आपण दयाळू ठरतो. ही दया उंबरठ्याच्या आतून बाहेर जाते. बाहेरच्यास मात्र आत घेत नाही. यास्तव शिखांनी दयेस कोणते स्थान दिले आहे, हे सुविद्य कुटुंबांनी एकदा पाहून घ्यावे असे वाटते.

गुरु नानकांच्या ‘जपजी’त धर्म हा दयेचा पुत्र मानला आहे. हे नाते नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. आचार, पूजा, व्रतवैकल्ये यांच्या योगाने माणूस यथावकाश दयाळू होईल अशी आपली समजूत. येथे क्रमच उलटा आहे. आईवाचून लेकरू कोठून येणार? इ. स. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरु गोविंदसिंगांनी भरसभेत शिर मागितले, तेव्हा प्रथम लाहोरचा दयाराम उठला व त्याच्या मागून धरमदास. पंचप्याऱ्यांतील पहिले दोघे ते हेच. या नावांच्या क्रमात भाविक शिखांना मोठा अर्थ दिसतो, आणि तो दिसावा यात नवल नाही.

परंतु कोणी विचारील, ज्या पंथाने हाती खड्ग घेतले त्याने दयेची गोष्ट बोलावी हे सुसंगत कसे? या शंकेचे उत्तर भाई कन्हैया यांच्या कथेत आहे.

मोगल सैन्य व पहाडी राजे यांनी आनंदपुरास वेढा घातला होता. त्या धुमश्चक्रीत कन्हैया खांद्यावर पखाल घेऊन रणांगणात फिरत व घायाळांस पाणी पाजीत. पाणी पाजताना तो आपला की परका हे ते पाहत नसत. परंपरा सांगते की, काही शीख वीरांनी गुरूंकडे गाऱ्हाणे नेले: आम्ही ज्यांस पाडतो त्यांस हा पुन्हा उठवतो! हे गाऱ्हाणे खुळेपणाचे नव्हते, हे आपण मान्य केले पाहिजे. पाणी पिऊन सावध झालेला शत्रू उद्या पुन्हा शस्त्र धरील, आणि ते कोणा शिखाच्याच छातीवर येईल. आपल्या पुत्राचे प्रेत समोर पडलेले असता शेजारच्या तुर्काच्या ओठी पाणी गेलेले आपणांपैकी किती जण सोसतील?

गुरूंनी कन्हैयांस बोलावून विचारले. त्यांनी काहीही नाकारले नाही. मला शत्रू व मित्र असे दोन दिसतच नाहीत, सर्वांच्या ठायी आपणच दिसता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा गुरूंनी त्यांस मलम देऊन सांगितले, की यापुढे जखमांवर हेही लावीत जा. गुरूंनी युद्ध थांबविले नाही आणि पाणीही थांबविले नाही. अन्यायाशी लढावयाचे, परंतु पडलेला मनुष्य हा शत्रू उरत नाही, ही सूक्ष्म रेषा रणभूमीवर आखणे किती कठीण! सोल्फेरिनोच्या रणांगणावरील जखमी पाहून रेडक्रॉसची कल्पना युरोपात सुचली ती १८५९ नंतर. ही कथा त्याच्या दीडशे वर्षे आधीची. कन्हैयांच्या अनुयायांचा सेवापंथी संप्रदाय पुढे त्याच व्रताने चालला.

लंगराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याचा विस्तार येथे नको. मात्र तेथे वाढणारा व जेवणारा यांत उच्चनीच राहत नाही, आणि आपल्या दयेत नेमके हेच राहून जाते, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

अलीकडचे उदाहरण भगत पूरणसिंग (१९०४–१९९२) यांचे. १९३४ मध्ये लाहोरच्या डेरासाहिब गुरुद्वाराच्या दाराशी कोणी एक पांगळे, मुके मूल टाकून गेले. तेथे सेवा करणाऱ्या पूरणसिंगांनी ते उचलले, त्याचे नाव प्यारासिंग ठेवले आणि त्याला पाठीवर घेऊन ते हिंडू लागले. मूल वाढले तसे ओझेही वाढले. वर्षांमागून वर्षे गेली, तरी ते खाली उतरले नाही. स्वतः ते अविवाहित राहिले. १९४७ मध्ये फाळणीच्या वणव्यातून ते अमृतसरला आले, तेव्हाही प्यारासिंग बरोबर होता. निर्वासितांच्या छावणीतील ज्या पांगळ्यांस, वेड्यांस, महारोग्यांस कोणी पुसत नव्हते, त्यांस त्यांनी जवळ केले. तेथूनच पुढे ‘पिंगलवाडा’ उभा राहिला. तो आजही अमृतसरात आहे, आणि ज्यांना घर नाही त्यांना तेथे घर मिळते.