राष्ट्रपतींची निवडणूक आणि संग्रामपूरचं मत

राष्ट्रपतींची निवडणूक आली की ‘ते दिल्लीवाल्यांचं काम, आपला काय संबंध?’ असं सहज बोललं जातं. संबंध आहे, आणि तो मोजताही येतो.

गैरसमज : या निवडणुकीत संग्रामपूरला मतच नाही.
वस्तुस्थिती : थेट नाही, पण लोकप्रतिनिधींमार्फत आहे. संग्रामपूर तालुका जळगाव जामोद विधानसभा आणि बुलढाणा लोकसभा मतदारसंघात येतो. इथले आमदार गुलाबी आणि खासदार हिरव्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहितात, तेही निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. विधान परिषदेच्या आमदारांना मात्र हे मत नाही.

गैरसमज : लोकसंख्या वाढली, तसं आमदाराच्या मताचं मूल्यही वाढलं.
वस्तुस्थिती : हिशेब अजून १९७१च्या जनगणनेवरच चालतो. तेव्हाची महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ जागांनी आणि मग १,००० ने भागलं की येतात १७५. आमदार मुंबईचा असो की जळगाव जामोदचा, मूल्य तेवढंच. उत्तर प्रदेशात ते २०८, सिक्कीममध्ये अवघं ७. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ मध्ये ७०० होतं, म्हणजे आपल्या चार आमदारांइतकं.

गैरसमज : पक्षाने व्हिप काढला की आमदाराचे हात बांधले जातात.
वस्तुस्थिती : मतदान गुप्त असतं आणि त्यासाठी व्हिप काढता येत नाही. पक्षांचीही गणितं इथे बदलतात. २००७ मध्ये भाजपसोबत युतीत असूनही शिवसेनेने काँग्रेसच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला. बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, त्या माजी आमदार.

गैरसमज : अमेरिकेत मात्र पहिल्यापासून जनताच अध्यक्ष निवडते.
वस्तुस्थिती : तिथेही मधे निर्वाचक असतात. १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले, तेव्हा साउथ कॅरोलायनात सामान्य मतदाराने अध्यक्षासाठी मतच दिलं नाही. राज्याच्या विधिमंडळाने आठ निर्वाचक नेमले आणि आठही मतं लिंकन यांचे प्रतिस्पर्धी जॉन ब्रेकिनरिज यांच्या पारड्यात पडली. आजही तिथल्या बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्यालाच सगळे निर्वाचक मिळतात. महाराष्ट्राची ५०,४०० मतं मात्र आमदारागणिक वाटली जातात.

म्हणून विधानसभेला बटण दाबताना संग्रामपूरचा मतदार राष्ट्रपतींचा एक मतदारही निवडत असतो.