डॉक्टरीणबाईंची आमदारकी

जेमतेम साडेतीन वर्षं आमदारकी. एकदाही निवडणूक लढवलेली नाही. तरी ब्रिटिश भारतातल्या कायदेमंडळाच्या इतिहासात पहिल्या महिला सदस्य म्हणून नाव आहे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचं. मद्रासच्या या बाईंच्या कारकिर्दीतल्या काही भन्नाट गोष्टी!

वर्गात पडदा!
जन्म १८८६ चा, पुदुकोट्टई संस्थानातला. वडील कॉलेजात प्राचार्य, आई देवदासींची परंपरा असलेल्या समाजातली. मुलीला कॉलेजात घ्यायला विरोध झाला, पण महाराजांनी प्रवेश देऊन टाकला. वर्गात तिच्यासाठी पडदा लावला. शिक्षकांना ती दिसायची, मुलांना नाही! १९१२ मध्ये तीच मुलगी मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली.

मत आधी, उमेदवारी नंतर
मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९२१ मध्ये. मद्रासमध्ये निवडणुकीला उभं राहायला मात्र १९२६ उजाडलं. त्या वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्यात हरल्या. मुथुलक्ष्मींचं नाव महिला संघटनेनं पुढे केलं, सरकारनं त्यांची नेमणूक केली. त्या आधी तयारच नव्हत्या. सभागृहात बसलं तर रुग्णांकडे कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न होता.

बिनविरोध उपाध्यक्ष
सभागृहात सगळे पुरुष, बाई एकच. त्या पुरुषांनीच या नव्या सदस्येला एकमतानं उपाध्यक्ष निवडलं. अध्यक्ष नसले की त्यांच्या जागी बसून कामकाज चालवायच्या डॉक्टरीणबाई!

मेख जमिनीत
त्यांची सगळ्यात मोठी लढाई देवदासी प्रथेशी. मुली देवाला का वाहिल्या जात? श्रद्धा होती, रूढी होती आणि जमीनही होती. देवळातल्या सेवेच्या मोबदल्यात घराण्याला इनाम जमीन मिळे. सेवा थांबली की जमीन गेली. म्हणून एका पिढीनंतर पुढच्या पिढीतली मुलगी द्यायची. मुथुलक्ष्मींनी नेमकी ही गाठ सोडली. १९२९ च्या दुरुस्ती कायद्यानं जमीन सेवेपासून मोकळी केली. जमीन बाईकडेच राहणार, तिच्यापायी लेक देवाला वाहण्याची गरज उरली नाही. रोगाचं मूळ शोधणाऱ्या डॉक्टरचीच ही नजर!

विरोध दोन्हीकडून
काँग्रेसचे सत्यमूर्ती विरोधात होते. पण देवदासींच्या संघटनेनंही सरकारकडे निवेदनं धाडली. प्रसिद्ध गायिका बंगळुरू नागरत्नम्मा त्यात पुढे होत्या. आम्हाला सरसकट बदनाम करू नका, आमची कला आणि उपजीविका हिरावू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, आणि या इतिहासात त्यांचा आवाजही ऐकलाच पाहिजे. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये आला. मद्रासमध्ये मुली वाहण्यावर पूर्ण बंदी यायला १९४७ साल लागलं. तोवर मुथुलक्ष्मींनी पाठपुरावा सोडला नाही.

राजीनामा
१९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि बाईंनी सदस्यत्व सोडलं. त्याच वर्षी कायदेमंडळातल्या अनुभवांचं पुस्तकही लिहिलं.

घराचंच वसतिगृह
त्याच सुमारास देवदासी घरांतल्या काही मुली आसऱ्याला आल्या. त्यांना ठेवून घ्यायला वसतिगृहं तयार होईनात. बाईंनी स्वतःच्या घरातच सोय केली. त्यातून उभं राहिलं ‘अव्वै होम’. तमिळ कवयित्री अव्वैयार यांचं नाव लावलेली ही संस्था पुढे मुलींच्या शिक्षणाचं ठिकाण झाली.

बारा खाटा
बहीण कॅन्सरनं गेली, ते दुःख त्यांनी कामाला लावलं. १९५४ मध्ये अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट अवघ्या १२ खाटांवर सुरू झालं. आज ते देशातल्या नामांकित कॅन्सर रुग्णालयांपैकी एक आहे. १९५६ मध्ये बाईंना पद्मभूषण मिळालं.

फिल्मी नातं
तमिळ पडद्याचे लाडके नायक जेमिनी गणेशन यांच्या त्या आत्या. म्हणजे आपल्या रेखाच्या वडिलांची आत्या!

आजही खात्यात
तमिळनाडूत गरीब गरोदर बायांना सरकार आर्थिक मदत देतं, त्या योजनेला नाव मुथुलक्ष्मींचं. कोण किती वेळा निवडून आलं, हे आपण हौसेनं मोजतो. मिळालेल्या मुदतीत कुणाची गाठ सोडवली, हेही मोजायला हवं. या हिशोबात साडेतीन वर्षंवाल्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत आहेत.