भाकरीची परतफेड कुणाला?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर करत इंदापूरला येते. वाटेवरची गावं अनोळखी वारकऱ्यांना जेवू घालतात. सकाळी वारकरी पुढं निघतो. ज्यानं भाकर दिली, त्याला परत काही द्यायची वेळ सहसा येतच नाही. मग हे ऋण जातं कुठं?

बार्टलेट आणि डिस्टेनो यांचा २००६ चा प्रयोग बघा. सहभागी माणसाचा संगणक मुद्दाम बंद पाडायचा. शेजारचा माणूस, खरं तर संशोधकांचाच साथीदार, तो सुरू करून द्यायचा. नंतर भलताच कुणी कंटाळवाणी प्रश्नावली भरायला सांगायचा. कृतज्ञ माणसं त्या अनोळखी व्यक्तीलाही जास्त वेळ द्यायची. पण मदत नेमकी कुणी केली याची आधी आठवण करून दिली, की हा परिणाम नाहीसा व्हायचा.

आता वारीकडे या. तिथं सगळेच एकमेकांना 'माऊली' म्हणतात. उपकार एका नावाला चिकटत नाही, म्हणून तो पुढं सरकत असेल का? हा माझा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. पण तपासता येईल असा प्रश्न असाच सापडतो.

फील्डवर्कला गेलात की तुम्हालाही अनोळखी माणसं चहा देतील, आपला वेळ देतील. त्यांची परतफेड जमणार नाही. तुमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र वेळ द्या.