अर्ध्या सेकंदाचा उशीर

परेडला उभे राहण्यापूर्वी आपण एकमेकांचे बेल्ट आणि बूट पाहतो, मग हाऊस कॅप्टन पाहतो आणि शेवटी उस्ताद. तिघांच्या नजरेतून सुटलेली चूक क्वचितच मैदानापर्यंत पोहोचते. सॉफ्टवेअरचीही अशीच तपासणी होते आणि ती करणारे कित्येक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. सुट्टीत जुन्या लॅपटॉपवर ‘डेबियन’ टाकली, तेव्हा मला हे कळले.

डेबियन ही मोफत संगणक प्रणाली इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केली. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम ‘पॅकेज’ म्हणून येतो. मूळ लेखक सोर्स कोड देतो. त्याला आणखी कोणती पॅकेजेस लागतात ते स्वयंसेवक नोंदवतो आणि त्या कोडपासून संगणकावर चालणारे पॅकेज तयार होते. यालाच ‘बिल्ड’ म्हणतात. मग चाचण्या होतात. पॅकेज नीट बसते का? जुन्याच्या जागी नवे आले तर चालते का? काढून टाकल्यावर मागे कचरा उरतो का?

नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ विभागात जाते. त्याचे टोपणनाव ‘सिड’, म्हणजे ‘टॉय स्टोरी’तला खेळणी मोडणारा मुलगा! काही दिवसांत गंभीर नवा दोष सापडला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी त्यातूनच सर्वांसाठी ‘स्टेबल’ आवृत्ती निघते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मार्च २०२४ मध्ये मिळाले. ‘एक्सझेड’ हे फाइल लहान करणारे साधन अनेक वर्षे जवळजवळ एकच स्वयंसेवक सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका व्यक्तीने दोन वर्षे काम करून विश्वास मिळवला आणि चाचणीच्या फाइलींमध्ये घातक कोड लपवला. पॅकेज बिल्ड होताना तो आत शिरत असे आणि दूरच्या संगणकात घुसण्याचा चोरदरवाजा उघडत असे.

आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते तेव्हा डेबियनच्या अनस्टेबलवर वेगळ्याच चाचण्या करत होते. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते सोडून न देता मुळापर्यंत शोध घेतला आणि सर्वांना सावध केले. घातक पॅकेज टेस्टिंगपर्यंत पोहोचले होते, पण स्टेबलमध्ये गेले नाही.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. एकाच पहारेकऱ्यावर सगळी चौकी सोडू नये. आणि खटकलेली गोष्ट, कितीही लहान असो, कळवावी.

मला अजून पॅकेज बांधता येत नाही, पण दोष नीट कळवता येतो. कोणती आवृत्ती होती, मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे चार मुद्दे पुरतात. पहाऱ्यावरचा अहवाल आपण असाच देतो. मित्रांनो, तुम्हीही सुरुवात इथूनच करू शकता.