पोस्ट, लाइक आणि अटक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डे, तरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिताना नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात कुणीतरी सांगतेच, "नको, पोलीस उचलतील." ही धास्ती हवेतली नाही. नालासोपाऱ्याहून पाचवे स्टेशन पालघर; तिथे हे घडले आहे. पण पुढे काय झाले, तेही ठाऊक हवे.

गैरसमज : पालघरच्या मुलींनी आक्षेपार्हच काही लिहिले असणार.
वस्तुस्थिती : बाळासाहेब ठाकरे यांचे 17 नोव्हेंबर 2012 रोजी निधन झाले. दुसऱ्या दिवशीच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. त्यात ठाकरे यांचे नाव नव्हते, शिवी नव्हती. मैत्रिणीने पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली, पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. नंतर मात्र पोलीस अधीक्षकांसह दोन अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचे प्रकरण बंद झाले.

गैरसमज : त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ अजून लागू आहे.
वस्तुस्थिती : याच अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही काही ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

गैरसमज : सदस्याने काही टाकले तर ग्रुप अ‍ॅडमिन आत जातो.
वस्तुस्थिती : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले, की समान हेतू किंवा आधी ठरवलेली योजना दिसल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.

गैरसमज : मग काहीही लिहिता येते.
वस्तुस्थिती : नाही. धमकी, बदनामी, समाजांत तेढ पसरवणे हे आजही भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. मात्र टीका, तक्रार आणि मतभेद यांना राज्यघटनेच्या कलम 19 चे संरक्षण आहे.

त्या दोघींना जे सोसावे लागले, त्यातून सगळ्या देशाला 66-अ रद्द करणारा निकाल मिळाला. तो आपल्याच जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल, तर रद्द झालेले कलम भीतीच्या रूपाने जिवंत राहील. खड्ड्याचा फोटो टाका, तारीख लिहा, खरे तेच लिहा. पोलीस ठाण्यातून बोलावणे आलेच, तर पहिला प्रश्न विचारा : कलम कोणते?